शेवटचा हात

माझ्या पहिल्या कपाटाला पॉलिशचा पहिला हात लागला आणि त्याच्या डाव्या दारावर पाच पांढरट ठिपके उमटले. तोवर ते कुणाला दिसले नव्हते. मला तर नाहीच. रंधा मारून, काचपेपर घासून मी ते दार तळहातानं कितीतरी वेळा चाचपलं होतं आणि माझ्या मते त्यात खोट नव्हती. पॉलिश करणारा माणूस मात्र हातातली पॉलिश लावायची कापसाची पोटली बाजूला ठेवून उभा राहिला आणि ठिपक्यांकडं बोट करून म्हणाला, "मिस्त्री, सरेस."

सरस म्हणजे तेव्हाचा आमचा डिंक. जनावराच्या चामड्या-हाडांपासून केलेला. गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून तो वितळवायचा आणि ऊन ऊन असतानाच जोडाला लावायचा. जोड आवळताना बाहेर आलेला सरस मी बोटानं निपटला होता आणि तेच बोट दाराला पाच ठिकाणी लागलं होतं. जिथं सरस बसतो तिथं पॉलिश मुरत नाही. त्या माणसानं काम थांबवलं, मला दार पुन्हा घासायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, की तेलरंग सुताराची चूक झाकतो, पॉलिश ती दाखवतं. मला राग आला होता. पण त्यानंतर ऊन पाण्यात पिळलेलं फडकं हाताशी ठेवल्याशिवाय मी कधी जोड आवळला नाही.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी देवगाव रंगारीहून शहरात येऊन औरंगपुऱ्यात एक अरुंद गाळा भाड्यानं घेतला होता. गावाकडं आमच्या घरात बैलगाडीची चाकं, औतं, तिफणी व्हायच्या. लाकूड बाभळीचं आणि गिऱ्हाईक शेतकरी. चाक गोल आहे का आणि टिकेल का, एवढंच तो बघणार. शहरात कपाटं आणि टेबलं लागत होती, सागवान लागत होतं, आणि त्यात तोंड दिसलं पाहिजे असं लोकांचं म्हणणं होतं. ते तोंड दाखवणं सुताराच्या हातात नसतं.

त्या पॉलिशवाल्यांना मी चाचा म्हणायचो. ते चाळिशी ओलांडलेले, अंगानं किरकोळ, कमी बोलणारे. निजामाच्या वेळी बड्या अंमलदारांच्या बंगल्यांत त्यांचं काम असायचं. ॲक्शननंतर त्यातले काही हैदराबादला गेले, काही त्याहून लांब, आणि त्यांचं सामान शहागंजच्या बाजारात विकायला आलं. चाचांनी एकदा सांगितलं होतं, की त्यांच्या हातचं एक गोल मेज त्यांनी तिथं भर उन्हात पडलेलं पाहिलं. उन्हानं पॉलिशला फोड आले होते. ते त्याच्यापाशी थांबले नाहीत. नंतर ते सुतारांच्या गाळ्यांवरून फिरून काम विचारू लागले, तसे माझ्याकडं आले.

त्यांचे हात थरथरायचे. अंगाला कायम स्पिरिटचा वास आणि त्यात हातांची ही तऱ्हा, त्यामुळं गल्लीतल्या लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला होता. चाचा पाच वेळचे नमाजी होते आणि दारूच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, हे मला माहीत होतं. तरी पहिल्या वर्षी स्पिरिट किती उरलं ते कळावं म्हणून मी बाटलीवरच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवत असे. ती खूण त्यांना दिसत होती.

कामाची रीत ठरलेली होती. चाचा गाळ्यात येऊन सुरुवातीचं सगळं काम करायचे. आधी लाकडाच्या रेषेच्या अंगानं काचपेपर. मग भरण: खडूची पूड, त्यात चिमूटभर गेरू आणि पिवळी माती, लाकडाचा रंग बघून कमी-जास्त. ते ओलसर करून आडवं चोळायचं, म्हणजे सागाची बारीक भोकं बुजतात. सुकलं की पुन्हा घासायचं. मग पॉलिशचे पहिले तीन-चार हात. पॉलिश म्हणजे दुसरं काही नाही, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. चपडा म्हणजे लाख, पातळ पापुद्र्यांची, मधाच्या रंगाची. इथपर्यंतचं हे सगळं काम थरथरत्या हातानंही होत होतं, कारण त्यात जोर लागतो, नाजूकपणा लागत नाही.

शेवटचा हात मात्र चाचा गाळ्यात कधी देत नसत. माल हातगाडीवर घालून बुढी लेनमधल्या त्यांच्या घरी जायचा आणि चौथ्या दिवशी परत यायचा. तेव्हा त्यात तोंड दिसायचं. कारण ते सांगत ते खरंच होतं: गाळ्यात भुसा उडतो, ओल्या पॉलिशवर बसतो. सहा वर्षं मी यावर दुसरा विचार केला नाही. गावात नाव झालं. अमक्या मिस्त्रीचं कपाट आणि त्याच्या पॉलिशवाल्याचा हात, असं लोक जोडीनं बोलू लागले.

मग वकिलांचं काम आलं. खडकेश्वराकडं त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि त्यांना कायद्याच्या पुस्तकांसाठी एक भिंतभर कपाट हवं होतं, वर काचेची दारं, खाली लाकडी. एवढं कपाट बाहेर करून आत नेणं शक्य नव्हतं. मी ते तिथंच, त्या खोलीतच उभं केलं आणि भिंतीला खिळवलं. दीड महिना लागला. लाकूड चांद्याच्या जंगलातलं सागवान होतं, रेषा सरळ. माझ्या हातून त्याआधी एवढं चांगलं काम झालं नव्हतं.

चाचांनी तिथं येऊन भरण केलं, तीन हात दिले आणि यायचे थांबले. पहिल्या दिवशी ताप आल्याचा निरोप आला. चौथ्या दिवशी कंबर धरल्याचा. आठव्या दिवशी वकिलांनी मला बोलावून खोली दाखवली. पुस्तकांचे ढीग जमिनीवर होते आणि पक्षकार त्यांतून वाट काढत खुर्चीपर्यंत येत होते. वकील सभ्य माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "मिस्त्री, आता काय ते ठरवा." मी तिथून थेट बुढी लेन गाठली.

चाचांचं घर दोन खोल्यांचं. दाराला तरटाचा पडदा. मी हाक मारली तसे ते बाहेर आले आणि ओट्यावर बसले. ताप नव्हता, कंबरही ठीक दिसत होती. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "उधर मेरे से नै होता, मिस्त्री. तुम दूसरा आदमी देखो."

धुळीचा प्रश्न असेल तर ओल्या चादरी टांगतो, म्हणालो. वारा लागत असेल तर खिडक्या बंद करतो. वकिलांना आठ दिवस खोलीत येऊ देत नाही. प्रत्येक गोष्टीला ते मान हलवत राहिले. मला आता चीड आली होती. मी म्हणालो, की मग लोक तुमच्याबद्दल बोलतात तेच खरं समजायचं का. म्हणजे काय ते मी उच्चारलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली बघू लागले.

तेव्हा पडद्यामागून बाईचा आवाज आला. "ते पीत नाय, भाऊ."

बोली आमच्याकडची होती, कन्नड तालुक्यातली. मी त्या घरी इतक्या वेळा माल पाठवला होता, पण त्या बाईचा आवाज कधी ऐकला नव्हता. ती पुढं म्हणाली, "शेवटचा हात ते मारत नाय. मी मारते. लई वर्सं झाली. तुमच्या दुकानातला समदा माल माझ्या हाताखालून गेलाय."

चाचा म्हणाले, "चुप बैठ." पण त्यात दम नव्हता.

"आजवर बसले की चुप," ती म्हणाली. "वकिलाचं कपाट उचलून हितं येणार हाय का?"

पुढचं सगळं तीच बोलली. ॲक्शनच्या साली चाचांचे हात थरथरू लागले. त्या साली काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हात थांबत नव्हते आणि पोटली लाकडावर डाग पाडत होती. काम गेलं असतं. तिचा बाप आमच्याच भागातल्या बाजारांत लाखेच्या बांगड्या करून विकायचा. शेगडीवर लाख मऊ करणं, ती ओढणं, वळणं हे ती लहानपणापासून करत आलेली. नवऱ्याच्या पोटलीखाली तीच लाख फक्त स्पिरिटमध्ये होती. पंधरा दिवसांत तिला ते जमलं. त्यानंतर घरी येईल तोच माल चाचा घेऊ लागले.

सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, की चाची वकिलांच्या घरी येतील का. चाचांनी पडद्याकडं पाहिलं. शेवटी म्हणाले, की ते स्वतः बरोबर असतील आणि खोलीत परका पुरुष येता कामा नये. मी कबूल केलं. काचा काढायला आणि दारं उतरवायला मला आत राहावं लागणार होतं, तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती दोघं आली. चाची बुरख्यात, नकाब वर केलेला, हातात कापडी पिशवी. वकील दारातच होते. त्यांनी मला विचारलं, "या बाई कोण?"

उत्तर मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून आलं, "चाचांच्या घरच्या. मदतीला आल्यात. फडकी-बिडकी हातात द्यायला."

वकिलांनी मान हलवली. चाचांनी खाली पाहिलं. चाची माझ्या बाजूनं खोलीत गेली.

काम तीन दिवस चाललं. वकिलांची आई, सत्तरीच्या, विधवा, आपली पोथी घेऊन त्या खोलीतच खुर्चीवर येऊन बसल्या. बाईमाणूस घरात काम करतंय तर कुणीतरी बाई सोबत असावी, असं त्यांनी मुलाला सांगितलं. पोथीचं पान मात्र फारसं उलटलं जात नव्हतं. चाचा दाराशी बसून चपड्याची बाटली हलवत होते, जुनी मलमल फाडून देत होते. मदतीचं काम खरं तर ते करत होते.

मी तोवर शेवटचा हात कधी पाहिलेला नव्हता. चाचीनं बुरख्याची बाही कोपरापर्यंत सारली, कापूस मलमलीत बांधून लिंबाएवढी पोटली केली, तिच्यात पॉलिश मुरवलं आणि पोटली आपल्या मनगटावर टेकवून बघितली. ओल जास्त असेल तर पिळायची, पुन्हा टेकवायची. मग पोटलीच्या बुडाला जवसाच्या तेलाचं एक बोट. तेल नसेल तर पोटली लाकडाला चिकटते.

पोटली ती लाकडावर ठेवत नव्हती. हात आधीच हवेत फिरू लागायचा, फिरता फिरता लाकडाला लागायचा आणि फिरतच उचलला जायचा. मध्ये थांबला की खालचा थर विरघळून तिथं खळगा पडतो. लहान लहान वाटोळे फेरे, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, मग शेवटी सरळ, रेषेच्या अंगानं. एका दाराला असे किती फेरे झाले असतील सांगता येणार नाही. लाकूड आधी मंद दिसायचं, मग ओलं, आणि मग एका क्षणाला खिडकी त्यात दिसू लागायची. तो क्षण नेमका कोणता, हे तीन दिवस बघूनही मला धरता आलं नाही. सगळ्यात शेवटी नुसत्या स्पिरिटचं, जेमतेम ओलसर फडकं फिरवून तिनं वरचं तेल उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं. चाची पिशवी घेऊन आली, भिंतीला हात लावून बघितला आणि नुसती बसून राहिली. वकिलांच्या आईंनी विचारलं, काम का करत नाहीस. ती म्हणाली, हवेत ओल असली की पॉलिशवर पांढरं धुकं चढतं, मग ते जात नाही. दुपारी ऊन पडलं तेव्हा ती उठली. आईंनी पोथी मिटून ठेवली आणि त्यानंतर उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी काचा बसवून झाल्यावर वकील खोलीत आले. कपाटावरून हात फिरवला, वाकून आपलं प्रतिबिंब बघितलं. खरंच खूश झाले. "चाचा," ते म्हणाले, "काय हात आहे तुमचा."

चाचा म्हणाले, "अल्लाह का करम." दुसरं ते काय म्हणणार होते. मी तिथंच उभा होतो. चाची बाटल्यांची बुचं बसवत होती. मग दोघं निघाली, चाचा पुढं, ती चार पावलं मागं.

महिन्याभरानं एका आरशाची चौकट घेऊन मी स्वतः बुढी लेनला गेलो. चाचा मशिदीत गेले होते. मी चौकट ओट्यावर ठेवली, लाकूड कोणतं ते सांगितलं आणि वळलो. पडदा बाजूला करून चाची दारात उभी राहिली.

"भाऊ, त्या दिवशी तुम्ही मदतीला म्हणालात."

मी म्हणालो, की दुसरं काय सांगणार, वकिलांनी बाईमाणसाला कपाटाला हात लावू दिला नसता.

"तुम्ही वकिलाला इचारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. तसं मी सांगितलं.

"मंग," ती म्हणाली आणि चौकट उचलून आत गेली.

परत येताना मला तिचाच राग आला. मी काम देत होतो, मी तिचं गुपित सांभाळलं होतं, असं सगळं मनात येत होतं. गुपित चाचांचं होतं, तिचं नव्हतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. पुढं सुचलं तरी मी काही बदललं नाही. गिऱ्हाईक चाचांच्या हाताची तारीफ करायचं आणि मी मान डोलवायचो. असं आणखी तीन वर्षं चाललं.

चाचा हिवाळ्यात गेले. छातीत कफ झाला आणि आठवड्यात सगळं संपलं. मी मातीला गेलो होतो. चाळिसावा झाल्यावर चाचीनं शेजारच्या माणसाकडून निरोप पाठवला, की माल पाठवायला हरकत नाही. मी पाठवू लागलो. गिऱ्हाईक विचारायचं, चाचा तर गेले, आता पॉलिश कोण करतं? मी म्हणायचो, त्यांच्या घरचेच करतात. हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या मनात एखादा मुलगा किंवा भाऊ उभा राहत असेल तर तो मी उभा केला नव्हता, अशी मी माझी समजूत घातली होती.

एका डॉक्टरांनी जेवणाचं मोठं टेबल करायला दिलं. त्यांना रंगाची एक विशिष्ट छटा हवी होती, ना काळी ना लाल, आणि ती पॉलिशवाल्याला स्वतः समजावून सांगायची होती. आता आडवळणानं बोलायला जागा उरली नाही. मी सांगितलं, की पॉलिश बुढी लेनमधली एक बाई करते, चाचांची बायको, आणि चाचा असतानाही तीच करत होती. डॉक्टर जरा थांबले. मग म्हणाले, "मग राहू द्या." टेबल तसंच कोरं घेऊन गेले आणि पुन्हा माझ्याकडं आले नाहीत. टेबल चांगलं झालं होतं. त्याचं वाईट वाटलं. सांगितल्याचं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली होती ते घडून गेलं आणि संध्याकाळी मी नेहमीसारखा गाळा बंद करून घरी गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वकिलांच्या कपाटाचं एक दार अडकू लागलं म्हणून मला बोलावणं आलं. पावसाळ्यात साग फुगतो. दाराची कड जराशी रंधून मी ते बसवलं, हात पुसले आणि वकिलांना म्हणालो, "मला एक सांगायचंय. या कपाटाचा शेवटचा हात चाचांचा नव्हता."

वकील हसले नाहीत आणि चकितही झाले नाहीत. म्हणाले, "आईनं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मिस्त्री स्वतः सांगत नाहीत तर आपण कशाला काढायचं."

मी रंधा उचलून पिशवीत घातला.

आई आत होत्या, त्यांनी आमचं बोलणं ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, की त्या बाईला एकदा घेऊन या, झोपाळ्याची फळी जुनी झाली आहे, तिला चमक आणायची आहे. मी चाचीला घेऊन गेलो. तिनं फळी उलटी-सुलटी करून बघितली आणि नको म्हणाली. बसायच्या लाकडाला चपडा लावू नये, उन्हाळ्यात घामानं तो लुगड्याला चिकटतो. नुसतं घासून जवसाचं तेल पाजा, वर्षातून दोनदा. पॉलिश करून मोबदला घेता आला असता तिथं तिनं काम नाकारलं, याचं आईंना फार कौतुक वाटलं असावं. त्यांनी ती गोष्ट आपल्या ओळखीच्या घरोघर सांगितली. महिना-दोन महिन्यांत खडकेश्वर, समर्थनगर असा भागच्या भाग चाचीला बोलावू लागला. बायकांनाही बरं होतं, दिवसभर घरात परका पुरुष वावरत नव्हता. कुणाचं ड्रेसिंग टेबल, कुणाच्या खुर्च्या, कुणाची सासऱ्यांच्या वेळची पेटी.

माझं काम त्याच सुमारास बदलत गेलं. प्लायवूड आलं, त्यावर चिकटवायचे मायकाचे तयार पत्रे आले, डब्यातला पांढरा डिंक आला. सरसाचा डबा मी माळ्यावर टाकून दिला. मायकाला पॉलिश लागत नाही, घासावं लागत नाही, त्यावर गरम कप ठेवला तरी पांढरं वर्तुळ उमटत नाही. गिऱ्हाइकाला ते हवं होतं आणि मी ते करत होतो. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण चाचीला द्यायला माझ्याकडं माल उरला नाही. उलट तीच मला निरोप पाठवू लागली. पॉलिशला घेतलेल्या जुन्या खुर्चीचा पाय हलत असला, खणाची खाच झिजली असली, की आधी मी जाऊन जोड पक्का करायचा, मग ती हात लावायची. पुढची दहा-बारा वर्षं मला सागाचं जे काही काम मिळालं ते बहुतेक तिच्यामुळं.

याच काळात एकदा मी तिला म्हणालो, मला शिकवा. तिनं एक फळी पुढ्यात ठेवली, पोटली करून दिली. माझा हात लाकडाला लागला की थांबायचा. सुताराच्या हाताला तीच सवय असते, लाकूड दाबून धरायचं. पोटली चिकटली, फळीवर खळगा पडला. "तुम्ही लाकडाला धरायला बघता," ती म्हणाली. "धरायचं नाय त्याला." चार-पाच दिवस मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. तिची मुलगी हे काम शिकली होती, हातही बरा होता, पण लग्नानंतर ती शिवणकामात पडली.

चाचीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा काम थांबलं. मुकुंदवाडीला, स्टेशनच्या अलीकडं, मुलीचं घर होतं. ती तिकडं राहायला गेली. मी एकदा सायकलीवरून भेटायला गेलो. तिनं एकेका घराची चौकशी केली, माणसांची कमी आणि सामानाची जास्त. वकिलांच्या कपाटाचं विचारलं. आई आणि वकील दोघंही तोवर गेले होते, आणि मुलांनी खोली उजळ दिसावी म्हणून कपाटाला पांढरा तेलरंग दिला होता. सांगावं की नाही याचा मी थोडा विचार केला आणि सांगितलं.

तिनं विचारलं, "घासून मारला का तसाच?"

तसाच, म्हणालो.

"मंग धरणार नाय," ती म्हणाली. "पॉलिशवर तसाच मारलेला रंग पापुद्रे होऊन सुटतो." त्यात समाधान होतं की नुसती माहिती, ते आवाजावरून कळलं नाही. मुलीनं चहा आणला. आम्ही गावाकडच्या बाजाराबद्दल बोललो, तिच्या बापाची पालं कुठं असायची, कोणत्या वारी. उठताना मी तिला म्हणालो, की वकिलांच्या दारात मी जे बोललो ते बोलायला नको होतं. ती म्हणाली, "व्हय, नको व्हतं." आणि मुलीला मला दारापर्यंत पोचवायला सांगितलं.

ती गेल्याचं मला उशिरा कळलं. मी गेलो तेव्हा मुलीनं एक पिशवी पुढं केली. मलमलीचे तुकडे, दोन बाटल्या आणि पत्र्याच्या डब्यात उरलेला चपडा. तिच्या घरात कुणाला त्याचा उपयोग नव्हता. मी घेऊन आलो. चपडा जुना झाला की स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही, निम्मा तळाशी तसाच राहतो. वरचं गाळून मी घरातल्या एका सागवानी स्टुलाला लावलं, माझ्या हातानं. दोन ठिकाणी पोटली थांबली, ते दिसतं. बाकी चमक बेताची आली. स्टूल वापरात आहे, सून त्यावर उभी राहून फळीवरचे डबे काढते.